कालचं उरलेलं

“कालचं उरलंय ना फ्रीजमध्ये? तेच टोचू या मावशींना. त्यांना काय कळतंय!”

डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. दाराआड नाही, माझ्या उशाशी. मी खुर्चीत आडवी, कपाळावर बर्फ. कान काही बर्फात नव्हते.

धारूरच्या डोंगरातली सीताफळं डोक्यावरून आणून विकत मी मोठी झाले. आज बीडमध्ये माझा फळांचा गाळा आहे. उन्हात बसून भुवयांमध्ये दोन आठ्या कोरल्या गेल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, “बाई, भाव सांगताय का भांडताय?” लेकीचं लग्न ठरलं. व्याह्यांसमोर चिडकी दिसू नये म्हणून आठ्या घालवायचं बोटुलिनमचं इंजेक्शन घ्यायला आले.

इंजेक्शनच्या भावात घासाघीस केली. डॉक्टरीणबाई हसल्या आणि लगेच भाव उतरवला. तिथंच ओळखायला हवं होतं. भाव इतका पटकन उतरतो तो माल शिळा असतो.

माझी आई बागायतदाराकडं भांडी घासायची. मालकीण तांब्यात कालची आमटी ओतून द्यायची. आंबलेली. आई म्हणायची, “खा गं गुमान.” खाल्ली. पण ती पोटात गेली नि बाहेर पडली. हे थेट कपाळात जाणार होतं. या औषधानं स्नायू सैल पडतो, काही महिने तसाच राहतो. चुकलं तर पापणी लोंबते. लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. बाईंनी एक शब्द सांगितला नव्हता.

बर्फाची पिशवी मी त्यांच्या टेबलावर आपटली.

“नवी बाटली माझ्यासमोर फोडा.”

“मावशी, हे काय कलिंगड आहे, कापून दाखवायला?” नर्स फिदीफिदी हसली.

“कलिंगड सडकं निघालं तर फेकता येतंय. तोंड कुठं फेकू?” मी बाईंकडं वळले. “माझ्या आधी ती मोटारीतून आलेली बाई, तिला समोर फोडून दाखवली. मला कावून न्हाई?”

“एवढ्या पैशात एवढंच मिळतं.”

“मग भाव ठरवताना तोंडावर सांगायचं व्हतं. शिळं हाय म्हणून.”

मी चपला घातल्या.

लग्नात याच आठ्या घेऊन उभी राहणार आहे. विहीणबाईंना काय वाटायचं ते वाटो. पुढं कधी टोचून घेतलंच, तर माझ्या डोळ्यांदेखत फोडलेल्या बाटलीतलं, पुरा भाव मोजून. गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगणार आहे, खुर्चीत आडवं व्हायच्या आधी बाटली बघ.

उरलेलं आईनं घेतलं. लहानपणी मी घेतलं. माझी लेक घेणार नाही.