कापसाच्या ढिगांनी मान वर केली

हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही धडधडतं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी वर्ध्याला समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, आणि कपाटाचं दार करकरलं तरी दचकणारी. अशा मुलीला आमच्या महिला संघटनेच्या शोभाताईंनी समुद्रपूरला पाठवलं, मुस्लिम बायकांच्या सभेत बोलायला. माझा विषय? 'भीती सोडा'!

सभा जमीलासाठी होती. नवऱ्यानं नुसता निरोप धाडून तलाक दिला होता आणि चार वर्षांचं पोरगं सासऱ्यानं ठेवून घेतलं होतं. सभेची कुणकुण लागली तर पोराला दूर नातेवाइकांकडे धाडीन, अशी त्याची धमकी. म्हणून शुक्रवारी दुपारी, पुरुष मशिदीत असताना, पलीकडच्या गल्लीतल्या कापसाच्या गोदामात जमायचं ठरलं. कुठे बभ्रा करू नकोस, असं शोभाताईंनी मला निघेपर्यंत बजावलं होतं.

एसटीतून उतरले तर गल्लीत चिटपाखरू नाही. सगळी दारं लावलेली. दोरीवरची एक ओढणी तेवढी हलत होती, आणि वारा तर नव्हता. आता तुम्हीच सांगा!

गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं. भगभगीत उन्हातून आत शिरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सरकीचा कुबट वास. हळूहळू दिसायला लागलं, जमिनीवर ओळीनं कापसाचे पांढरे ढीग. कोणी आहे का, म्हणून विचारलं. उत्तर नाही. पण अगदी जवळ कोणीतरी पुटपुटत होतं. उंदीर असतील, मी स्वतःला समजावलं. उंदीर कधी पुटपुटतात का हो?

आणि सगळे ढीग एकदम उठून बसले.

एकही मागे वळला नाही. क्षणभर तसेच बसले, मग पुन्हा सगळे एकदम जमिनीला टेकले.

मी बाहेर उडी घेतली, दाराला कडी घातली (भुतं कडीला अडतात, हा माझा पदवीधर विचार!) आणि "भूत! भूत!" करत जी सुटले, ती थेट मशिदीच्या पायऱ्यांशी. नमाज नुकतीच संपली होती. अख्खा मोहल्ला माझ्याबरोबर गोदामाकडे निघाला. सगळ्यांत पुढे काठी घेऊन एक दाढीवाले चाचा.

"डरू नका बेटी, मी हावो ना."

कडी त्यांनीच काढली. आत पांढऱ्या बुरख्यातल्या बायका चटया गुंडाळत होत्या. नमाज पढताना मध्येच बोलता येत नाही, मागे वळता येत नाही, हे मला बी.ए.च्या एकाही पेपराला नव्हतं.

एकीनं तोंडावरचा पडदा वर केला. तिला पाहून चाचांची काठी खाली आली. "जमीलाचे सासरे!" बायकांत कुजबूज झाली. हेच ते सासरे!

पडदा वर केलेली जमीलाच दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "अब्बा, सारा मोहल्ला हाये इथं. सांगा आता, माहं पोरगं काऊन ठेवून राह्यले?"

मागून म्हातारे इमामसाहेब हळूच बोलले, "लेकरू मायजवळच राहीन. दिवस बुडायच्या आत पोहचवा."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? चाचांनी मान हलवली.

भाषणाचा कागद माझ्या मुठीत घामानं भिजून गेला होता. मी जमीलाची माफी मागायला गेले, तर ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"पुढच्या सभेलेबी येजा, बाई. भाषण राहू द्या. तसंच वरडजा."