रिकाम्या मडक्याची फिर्याद

ती घटना आठवली की सगळ्यात आधी मला माझा काळा गॉगल आठवतो. उपनिरीक्षकाचे दोन तारे खांद्यावर नवे होते, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले एक पोलीस दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याखालची चौकी, माझ्या ताब्यात होते, आणि सावलीतही गॉगल काढायचा नाही असा माझा निश्चय होता. त्यापायी उंबऱ्याला ठेचकाळले, पण काढला नाही. त्या गॉगलवालीने एका चोरीचा तपास अगदी बरोबर लावला आणि तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगितला. त्यामुळे एका म्हातारीचे तिच्या स्वतःच्या घरातले स्थान गेले. आता नगरला सावेडीतल्या फ्लॅटमध्ये मी गुडघ्यांना तेल चोळत असताना माझी नात विचारते, "आजी, तू चोर पकडायचीस?" मी म्हणते, पकडायचे की. कधीकधी चोर नसतानाही पकडायचे.

त्या वर्षी त्या भागात जमिनीतून गूढ आवाज येत होते. अधूनमधून सौम्य धक्के बसत आणि मांडणीवरची भांडी वाजत. घरे जुनी, दगड-मातीची, वर माळवदाचा बोजा. भिंतीला दगडाचे दोन थर, आतला आणि बाहेरचा, मध्ये नुसती माती. मोठा धक्का बसला तर दोन्ही थर सुटतात आणि माळवद माणसांवर येते. म्हणून शासनाने घरमालकांना भिंती बळकट करण्यासाठी अनुदान जाहीर केले. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई घालायची आणि काँक्रीट भरून दोन्ही थर बांधून टाकायचे. काम होईल तसा हप्ता मिळायचा. मार्चअखेर काम झाले नाही, तर पैसा परत जायचा.

गावातली बरीच घरे तयार झाली. एका घराचे मात्र अडले होते. घर म्हातारीच्या नावावर, आणि ती अर्जावर अंगठा देईना. नवरा कधीच गेलेला, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे. तिच्या खोलीतल्या कोनाड्यामागे, भिंतीच्या पोटात, सासूने दिलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ मडक्यात ठेवलेली आहे, हे सगळ्या गावाला माहीत होते. झोपण्याआधी ती त्या कोनाड्याला हात लावायची. थोरली सून तिच्या भाकरीवर तूप सोडायची, म्हणून धाकटी पाय चेपायला बसायची. धाकटी बसली की थोरली पाणी तापवायची. माळ कोणाला द्यायची, हे म्हातारीने कधी सांगितले नव्हते.

एके दिवशी तिने अंगठा दिला. घरातले सगळे सामान आणि खाटा समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवल्या आणि काम सुरू झाले. मिस्त्रीने कोनाड्यामागची भिंत उघडली, मडके निघाले, हातात येतायेताच फुटले. आत काही नव्हते.

थोरल्या मुलाने फिर्याद दिली. मी पंचनामा केला, मडक्याचे तुकडे आणि आसपासची सगळी ढेकळे गोळा करून पिशवीत बांधले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मडक्याच्या तुकड्यांकडे बघतही नव्हती. धक्का बसला असेल, असे मी डायरीत लिहिले. गॉगलमधून तसेच दिसत होते.

संध्याकाळपर्यंत खबर आली: मिस्त्रीच्या बायकोने नवे शिलाई मशीन घेतले आहे. झाले. मी त्याला चौकशीसाठी आणून बसवले आणि टेबलावर काठी आपटली. त्या दणक्याने चहाचा कप उडाला आणि माझ्याच फायलीवर सांडला.

"माळ कुठे आहे?"

"म्याडम, मडकं फुटलं तवा थोरलं मालक माझ्या खांद्यावरनं वाकून बघत हुतं. मी काय माळ गिळली?"

"गिळली असशील तर तेही बघू."

मागून माझे हवालदार हळूच म्हणाले, "म्याडम, याला पोटाचा फोटू काढाय नगरला न्यायचं, तर गाडीत डिझेल न्हाई."

मशीन कुठून आले, असे विचारले. "गावातल्या घरांची कामं मीच केली. अनुदानाचा हप्ता आला तशी मजुरी मिळाली," तो म्हणाला. आणि मग रडायलाच लागला. "नेवाशाच्या माउलीच्या खांबाची आन घेतो, म्याडम. उद्या कुनी मला घरात घ्यायचं न्हाई."

ते खरे ठरले. गावातल्या बायकांनी मिस्त्रीच काय, कुठल्याच गवंड्याला भिंतीला हात लावू दिला नाही. उरलेली कामे थांबली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चौकीत आली. उन्हातून चालत, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"मिस्त्र्याला जेवाय घातलं का?"

"आजी, तुमचं सोनं चोरल्याचा संशय आहे त्याच्यावर."

"मंग उपाशी ठिवल्यावर गावनार हाय व्हय?" भाकरी टेबलावर ठेवून ती निघून गेली. मी हसले. भोळी बाई, म्हणाले.

हवालदार हसले नाहीत. "फिर्यादीच्या आईनं संशयिताला भाकर आणलेली मी नोकरीत पयल्यांदा बघतोय."

त्या वाक्यापुढे माझा गॉगल उतरला. मी मुद्देमालाची पिशवी उघडली. ढेकळांत एक कठीण खापरी होती, मडक्याच्या तोंडाच्या मापाची. सिमेंटची. अख्खी भिंत मातीत बांधलेली आणि मडक्याचे तोंड सिमेंटने बंद. म्हणजे माळ ठेवली तेव्हाचे ते बूच नव्हते. नंतर कोणीतरी मडके उघडून पुन्हा बंद केले होते. गावात चौकशी केली. सिमेंट पहिल्यांदा आले ते शाळेच्या खोल्यांसाठी, दुष्काळी कामावर. घमेली वाहायला कोण होते, याची आठवण जुन्या बायकांना पक्की होती.

मी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि उघड्या भिंतीपाशी म्हातारीजवळ बसले.

"आजी, मडकं कुणी लिंपलं?"

तिने कोनाड्याच्या कडेवरून हात फिरवला. "म्याच."

"आणि माळ?"

"पोरांनी खाल्ली."

"कुणी? थोरल्यानं?"

"दोघांनीबी. तवा एवढाली हुती. दुष्काळ पडला. ह्यांचा बाप ऊसतोडीला गेला, तो तिकडंच मेला. येकेक पुतळी नगरला नेऊन मोडली, जुंधळं आनलं. पोरं जगली."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सासू व्हती तवर तिचं भ्या. मंग सुना आल्या. त्येंना वाटलं, माळ हाय. म्या वाटू दिलं." ती जरा हसली. "भाकरीवर तूप पडत हुतं, पोरी. कोन न्हाई म्हनंल?"

"मग अंगठा का दिलात? भिंत उघडणार, हे ठाऊक होतं ना?"

"ठावं हुतं की. म्हनून तर इतकं दिस दिला न्हाई. पर धक्का बसला त्या राती नातवंडं ह्याच भिंतीखाली निजली हुती." मग तिने माझा हात धरला. "त्या मिस्त्र्याला सोडा. त्येनं काय बी केलं न्हाई. मला मातूर झाकून घ्या."

मी "बघते" म्हणाले. तो हात मला अजून मनगटावर जाणवतो.

बाहेर अंगणात गाव जमले होते. मी गॉगल पुन्हा चढवला. मडक्याला सिमेंटचे बूच होते, माळ कित्येक वर्षांपूर्वीच गेली, मिस्त्री निर्दोष आहे, हे मी खापरी दाखवून सांगितले. लोक माना डोलवू लागले. इथे गाडीत बसले असते, तर चांगली अधिकारी ठरले असते.

पण थोरल्या मुलाने विचारले, "मंग नेली कुनी, म्याडम?" आणि शंभर डोळे माझ्याकडे वळले. तपास अर्धा लागला असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी म्हणाले, "चोर बाहेर शोधू नका. माळ तुमच्या आईनेच मोडली. मडक्यात तेव्हापासून काही नाही."

थोरली सून उठून शेडमध्ये गेली. धाकटीच्या हातात सासूसाठी आणलेला चहा होता. ती तो घेऊन तशीच उभी राहिली, मग स्वतःच प्यायली. पोरे वाचवण्यासाठी माळ मोडली, हे सांगायचे माझ्या लक्षातच आले नाही. तोवर मी गाडीत बसलेही होते. फाइल बंद झाली. गावातली राहिलेली कामे मार्चच्या आत झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढच्या उन्हाळ्यात जत्रेच्या बंदोबस्तासाठी त्या गावी गेले. घर छान उभे होते. माळवद हलके, भिंतींत काँक्रीटचे गोल ठिपके ओळीने दिसत होते. म्हातारी आत नव्हती. काम संपल्यावर सगळ्यांच्या खाटा शेडमधून घरात गेल्या, तिची तेवढी राहिली. कोणी तिला जा म्हटले नव्हते. फक्त खाट आणायला कोणी आले नव्हते. पत्रा तापला होता. ताटलीत कोरडी भाकरी होती आणि ती पाण्यात बुडवून खात होती.

मी कायद्याचे बोलू लागले. घर तुमच्या नावावर आहे, अनुदान तुम्हाला मिळाले आहे, तक्रार द्या, मी स्वतः नोंदवते.

ती माझे ऐकत राहिली, मुलाचे बोबडे बोल ऐकावेत तशी. मग तिने खाटेवर सरकून मला जागा केली.

त्यानंतर नोकरीत मी बरेच गुन्हे उघड केले. काही जाणूनबुजून अर्धे ठेवले. कुठे थांबायचे, हे प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते. ते त्या शेडमध्ये कळले, आणि ज्यांना उपयोग झाला त्यांत ती नव्हती. त्या दिवशी शेडमधून निघताना मी माफी मागितली. ती माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली:

"राग न्हाई, पोरी. येकच इचारते. 'लई वर्सांमागं कुनीतरी नेली आसंल' येवढंच म्हनून तू गाडीत बसली आसतीस, तर तुझा येक तारा कमी झाला आसता का?"