मोहाचे झाड, दहा वर्षांनंतर

तहसील कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून मी अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. परंतु माझ्या मसुद्यात स्वल्पविराम घालण्याची संधी मी आजवर एकाही साहेबास दिलेली नाही.

गेल्या वर्षी जवळच्या खेड्यातील एक आजी वीज खात्याची नोटीस घेऊन आल्या. त्यांच्या बांधावरील मोहाच्या फांद्या रस्त्यालगतच्या विजेच्या तारेकडे वाढत असल्याने झाड पाडण्यात येईल, असे तीत होते.

"भाऊ, झाड वाचलं पायजे. बाकी तुमी काय लिवता ते मले समजत नाई."

सोबत वनस्पतिशास्त्राची एक तरुण संशोधक होती. दोन वर्षे शिडीवर चढून तिने त्या झाडाच्या फांदीफांदीची लांबी, जाडी आणि फुटण्याचा कोन मोजला होता. तिने लॅपटॉप उघडला, तो पडद्यावर झाड उभे! बोटाने फिरवले की मागची बाजू दिसे. वर्ष पुढे सरकवले की फांद्यांना फांद्या फुटत आणि सावलीत सापडलेल्या वाळून जात. जन्मभर मी माणसांचे भवितव्य कागदावर मांडले, पण असे हिरवेगार भवितव्य प्रथमच पाहिले.

"दहा वर्षांनंतरचे हे वेगवेगळे अंदाज आहेत. अर्जाला जोडताना तारेकडची बाजू नीट बघा," ती म्हणाली.

मला सल्ल्याची गरज नव्हती. अर्जदाराचे दुःख आणि अर्जदाराची वस्तू, दोन्ही मोठी दाखवावीत, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. सर्वांत डेरेदार झाड निवडून मी ते रंगीत छापून जोडले.

सुनावणीत तहसीलदार साहेबांनी चित्र खिडकीकडे धरले. "अहो अर्जनवीस, ही फांदी तर तारेच्या पलीकडे पोचली! तुम्ही आजींच्या बाजूचे की वीज खात्याच्या?"

मी टोपी नीट केली. आजींनी चित्र ओढून घेतले.

"हे माह्यं झाड नाईच. रस्त्याच्या बाजूले एवढ्या फांद्या कुठी राह्यतात? गावात लग्न निघालं का मांडवाले मोहाची फांदी लागते. रस्त्याकडची हाताले येते, म्हणून तिकडचीच तोडतात. तुह्या कंप्युटरात लग्नं टाकली का नाई, पोरी?"

संशोधक लाल झाली. "फांद्यांचे खुंट मोजले होते, आजी. मला वाटलं, वादळात मोडल्या असतील."

"मंग दोन वर्षं शिडीवर काऊन चढून राह्यली? खाली उतरून मले विचारलं असतं."

संशोधकाने तिथल्या तिथे रस्त्याकडची एक फांदी दरसाल तोडण्याची सूचना संगणकास दिली. झाड पुन्हा रोपापासून वाढले, शेताकडे झुकले. दहा वर्षे पुढे नेले तरी तार मोकळीच राहिली. साहेबांनी दोनदा फिरवून पाहिले आणि झाड राखण्यास मान्यता दिली. अट एकच, ती बाजू दरवर्षी तोडली गेली पाहिजे.

"आणि एखाद्या वर्षी लग्नच निघालं नाही तर?" साहेबांनी विचारले.

आजींनी संशोधकाला नखशिखांत न्याहाळले. "हिचं लावून देऊ."

हमीपत्र मी तेथेच लिहिले: 'अर्जदार गावात प्रतिवर्षी किमान एक विवाह घडवून आणण्यास बांधील राहील.' साहेब हसत हसत सही करून मोकळे झाले. आजींनी अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्या घरी कोनी बिनलग्नाचं हाये का?"

त्या वर्षापुरता माझा भाचा मी लिहून दिला.