होडीला पडलेलं भोक

माझी धाकटी सून खेळ बनवते. कॉम्प्युटरवर खेळायचे. पाहुण्यांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, आणि काम काय करते?"

विमा कंपनीतली बरी नोकरी सोडून तिनं चित्रकार मैत्रिणीबरोबर शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. दोन टेबलं, एक किटली आणि जमिनीवर वायरींचं असं जाळं, की आत शिरताना बगळ्यासारखं पाय उचलत जावं लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी घरी नुसता भिंती मोजत बसायचो, तेव्हा हिनंच मला माउस धरायला शिकवलं. गावच्या शाळेत पाटी-पेन्सिलीवर शिकलेला माणूस मी. माझा हात हातात धरून शिकवलं तिनं, आणि एकदाही हसली नाही. हे उपकार कसे विसरू?

तिचा पहिला खेळ खूप गाजला, पण फुकटात. दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला एकजण लॅपटॉपवर तोच खेळत होता. मी छाती फुगवून म्हटलं, "हा माझ्या सुनेनं केलाय."

तो म्हणाला, "वा, झकास आहे हो. आमच्या ऑफिसात एकानं आणला, मग आम्ही सगळ्यांनी कॉपी करून घेतला."

कौतुकही त्यानं असं केलं, की पोट भरेना.

दुसऱ्या खेळाच्या वेळी दोघींनी ठरवलं, हा विकला गेला नाही तर खोलीची किल्ली परत आणि आपण पुन्हा नोकरीत. खेळ नावाड्याचा होता. माणसं, शेळ्या, पेट्या पैलतीरी न्यायच्या. त्याला तिनं एक गुप्त कुलूप घातलं. विकत घेतलेला खेळ ज्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडेल, तो कॉम्प्युटर तो ओळखून ठेवायचा. नक्कल करून दुसरीकडे नेला तर बंद पडायचा नाही, पण होडीला हळूच भोक पडायचं.

लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, "आमची होडी बुडते." ती मैत्रिणीला म्हणायची, "बघ, चोर आपणहून पत्ता देतायत." दोघी हसायच्या, आणि उत्तर कुणालाच धाडायच्या नाहीत.

एकदा जेवताना मी म्हटलं, "सूनबाई, पाणी उपसायची गंमत मात्र फर्मास केलीस. एका हातानं वल्हं, दुसऱ्या हातानं सामानातली बादली. काल शेळीसकट पार झालो."

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, कुठलं पाणी?"

"होडीतलं."

"तुमच्या होडीत पाणी येईलच कसं? खेळ कुणाकडून घेतलात?"

"तूच नाही का दिलास?"

"घ्या," आमची ही म्हणाली, "घरातच चोर निघाला."

सूनबाई न जेवताच उठली. खालच्या गल्लीतला दुरुस्तीवाला माझा कॉम्प्युटर नुकताच नीट करून गेला होता. तिनं त्याला गाठलं. तो म्हणाला, "आतला बोर्ड गेला होता वहिनी, दुसऱ्या मशीनचा टाकला. मी सगळ्यांचं असंच करतो. का, बिघडलं काय?"

बिघडलं होतं ते भलतंच. बोर्ड बदलला की कुलपाला वाटायचं, कॉम्प्युटरच बदलला. खरे चोर तर कुलूप तोडून, भोक बुजवून केव्हाच पैलतीरी गेले होते, आणि बुडत होती ती विकत घेणारी भली माणसं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

पण पोरीचं मन बघा. तिनं तक्रार करणाऱ्या एकेकाला लिहिलं, "चूक माझी आहे, तुम्ही प्रामाणिक आहात." मग ते कुलूप काढलं आणि साधं बसवलं. विकत घेताना मिळालेला परवलीचा शब्द एकदा द्यायचा, की झालं.

"पण बाबा, एवढ्यानं लोक विकत घेतील?" ती माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला. महिनाअखेरीला खोली सोडतो असं घरमालकीणबाईंना कळवून झालं होतं, आणि मैत्रिणीनं नोकरीसाठी मुलाखतसुद्धा देऊन ठेवली होती.

मी म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा. शीत वाट, पातेलं देऊ नकोस. आणि ते भोक तेवढं ठेव. मला त्याच्याशिवाय करमत नाही."

तिनं डेमो केला. एकच फेरी, फुकट. वर लिहिलं, 'खुशाल कॉपी करा.' नदीच्या मध्यावर होडीला भोक पडतं, हातात बादली येते, आणि तिथंच डेमो संपतो. दुरुस्तीवाल्यानं भरपाई म्हणून येईल त्या कॉम्प्युटरमध्ये तो टाकून द्यायला सुरुवात केली. देव त्याचं भलं करो. ऑफिसंच्या ऑफिसं नदीच्या मध्यावर अडकली, आणि त्यातली बरीच माणसं पुढं जायला खेळ विकत घेऊ लागली. फुकटे अजूनही आहेत. सूनबाई म्हणते, "असू देत. त्यांच्यासाठी बाकीच्यांना कशाला बुडवू?"

महिनाअखेरीला घरमालकीणबाई नवा भाडेकरू घेऊन खोली दाखवायला आल्या. मी तिथंच खुर्चीत होतो. सूनबाईनं मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण चित्रावरून मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांग, जागा रिकामी नाही."

भाडेकरू बिचारा वायरींतून पाय उचलत मागं फिरला. मी त्यालाही मनापासून नमस्कार केला.