कोणती बाई

फांदी अर्धीच कापली होती तेव्हा दोर सुटला.

आधी साल फाटल्याचा आवाज आला. जाड मांजरपाट टरकावा तसा, पण मोठा. फांदी आपल्याच अंगाची साल ओढत खाली गेली, तिचं बूड उलटून वर आलं आणि माझ्या नवऱ्याच्या मांडीवर बसलं. तो कमरेला दोर बांधून खोडाशी होता, म्हणून खाली पडला नाही. करवत पडली. विहिरीच्या कठड्यावर आपटून तिचे दोन तुकडे झाले. फांदी विहिरीच्या रहाटावर कोसळली. मग सगळं शांत झालं आणि वरून तो ओरडला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मी खाली फांद्यांच्या मोळ्या बांधत होते. हातातला विळा तसाच धरून मी दोराच्या माणसाकडे पाहिलं. दोराचा माणूस म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

त्याचे हात रिकामे होते.

हे खामगावात झालं, एका कापसाच्या आडत्याच्या परसात. चिंचेचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं खोड. एका अंगाला विहीर आणि दुसऱ्या अंगाला नवीन बांधलेल्या खोल्या, कौलांच्या. मुळांनी भिंत उचलली होती, म्हणून झाड काढायचं होतं. असं झाड बुडातून कापून आडवं करता येत नाही, पडायला जागाच नसते. ते वरून उतरवावं लागतं, एकेक फांदी. आमच्या सासरी तेच काम होतं. शेतातलं झाड कोणीही पाडतो. घराला लागलेलं झाड काढायला आम्हाला बोलवत.

त्याची रीत अशी. झाडावरचा माणूस फांदीला दोर बांधतो. तो दोर वरच्या एखाद्या बेचक्यातून घेऊन खाली सोडतात आणि खाली दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला त्याचे दोन वेढे घेतात. टोक दोराच्या माणसाच्या हातात. वरचा माणूस फांदी पुरती कापतो, मग म्हणतो, "सोड." तेव्हा दोराचा माणूस हळूहळू ढील देतो आणि फांदी पाळण्यातल्या पोरासारखी खाली येते. वर पाहायचं नाही. भुसा डोळ्यात जातो. नुसतं ऐकायचं. 'सोड' ऐकलं की हात सैल करायचे.

म्हणून कामाच्या दिवशी 'सोड' हा शब्द झाडावरच्या माणसाशिवाय कोणी काढायचा नाही. घरीसुद्धा नाही. बकरी सोडायची असली तर आम्ही 'मोकळी कर' म्हणत असू. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी हे सांगितलं होतं. आणि ज्या घरी काम असेल त्या घरच्या लोकांनाही हे सांगायचं, की बाबांनो, आज परसात हा शब्द बोलू नका. ते सांगायचं काम दोराच्या माणसाचं. काम सुरू व्हायच्या आधी तो दारात जाऊन सांगून येई. लोक हसत, पण पाळत.

माझा भाऊ त्या दिवशी सांगायला गेला नाही. मोठं घर, आडत्याची बायको सोन्यानं मढलेली, त्याला लाज वाटली. मला म्हणाला होता, "बाई, तूच सांग ना." मी म्हटलं, "तुह्यं काम हाय, तू सांग." तो परसाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. मला वाटलं सांगून आला.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तो मला बाईच म्हणायचा. पुढचं कळायला हे ध्यानात ठेवा.

त्याला या कामावर मीच लावलं होतं. मोताळ्याकडे आमचं माहेर. तिथं तो नुसता हिंडत होता. मी नवऱ्याच्या मागे लागले, "माह्या भावाले घ्या, हात घट्ट हायेत त्याचे." नवरा म्हणाला, "हाताचं नाई, कानाचं काम हाय हे." तरी घेतला. दोन महिने झाले होते.

तर झालं ते असं. आडत्याची बायको परसाच्या दारात उभी होती. तिची तीन-एक वर्षांची लेक गोठ्यातल्या वासराची शेपटी धरून लोंबकळत होती. वासरू उड्या मारत होतं. बाई ओरडली, "सोड! सोड त्याले!"

लेकीनं शेपटी सोडली नाही. माझ्या भावानं दोर सोडला.

मी ते माझ्या कानांनी ऐकलं. बाईच्या तोंडाकडे पाहत असतानाच ऐकलं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिला माहीतच नव्हतं.

नवऱ्याला खाली आणायला वर कोणी तरी जायला हवं होतं. भाऊ बुंध्याला टेकून खाली बसला होता. मी कासोटा घट्ट केला, दोराचं फांदीकडचं टोक सोडवून कमरेला गुंडाळलं आणि शिडीनं चढले. शिडी संपली तिथून पुढं कापलेल्या फांद्यांच्या खुंटांवर पाय देत गेले. नवरा शुद्धीवर होता. मांडी भलत्याच दिशेला वळली होती. मी त्याच्या काखेतून दोर घेऊन गाठ मारली. खाली भावाला ओरडून दोन वेढे घ्यायला लावले, मग विळ्यानं नवऱ्याच्या कमरेचा दोर कापला. आता खाली सोडायचं होतं. म्हणणार कोण? नवऱ्याचे दात गच्च बसले होते. झाडावर दुसरी मीच होते.

मी म्हटलं, "सोड."

भावाचे हात हलेनात. आता त्याला त्या शब्दाची भीती बसली होती. मी आणखी दोनदा म्हटलं, गळा फाडून. "सोड! अबे सोड!"

तोवर गल्लीतली माणसं भिंतीवरून आत आली होती. त्यांनी येऊन पहिलं काय ऐकलं असेल, तर मी 'सोड' म्हणत होते ते.

आडत्यानं आपली बैलांची दमणी जुंपून दिली. सरकारी दवाखान्यात नेलं. दारावर सरकारची पाटी होती, मध्यप्रांत आणि वऱ्हाड, मोठ्या अक्षरांत. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला वाचता येत होतं. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तीच पाटी वाचत पायरीवर बसले. सासू आली. ती भावाला म्हणाली, "काय झालं? कोन बोललं?"

भाऊ खाली पाहत म्हणाला, "बाई बोलली."

सासूनं माझ्याकडे पाहिलं.

मी थांबले. मला वाटलं, आता तो पुढचा शब्द बोलेल. घरवाली बाई, आडत्याची बाई, दारातली बाई. एक शब्द पुरला असता. तो बोलला नाही. सासू म्हणाली, "कामाच्या दिवशी जीभ बांधून ठेवता येत नाई का व तुले?"

मी म्हटलं, "मी नाई बोलले. थे आडत्याची घरवाली बोलली. इचार याले."

सासूनं विचारलं. "कोनती बाई बे?"

तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, ओक्साबोक्शी रडला. सासूनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे लेका. बहिनीचं नाव कसं घेशीन." संपलं. त्याच्या रडण्याचा अर्थ तिनं लावला आणि तोच सगळ्यांनी धरला. गल्लीतल्या माणसांना विचारलं, तर ते म्हणाले, हो, आम्ही ऐकलं, हीच म्हणत होती, सोड सोड. मी सांगत बसले की ते नंतरचं. आधीचं आणि नंतरचं कोण ऐकतो?

मी आडत्याच्या बायकोकडेही गेले. म्हटलं, "बाई, तुमी पोरीले ओरडल्या होत्या ना? माह्या सासूले एवढं सांगा." ती म्हणाली, "मले नाई आठवत माय. घाबरली होती मी." आणि पदरात गूळ-दाणे घालून परत पाठवलं. दाणे मी बकरीला घातले.

नवऱ्याचा पाय जुळला, पण आखूड. तो पुन्हा चढला नाही. चुलत दीर चढू लागला आणि नवरा खाली बाजेवर बसून सांगायचा, ही फांदी आधी, ती मागून. मला कामावर न्यायचं बंद झालं. जिच्या तोंडून तो शब्द गेला तिनं दोराजवळ यायचं नाही, असं सासूचं म्हणणं. मी त्या घरातल्या कोणाहीपेक्षा चांगली गाठ मारत होते. नवऱ्याला खाली आणलं ती गाठ माझीच होती. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मी लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागले. सणावारी बायका एकत्र बसल्या की हटकून एखादी म्हणे, "इच्यासमोर काही धरून बसू नका व, सोड म्हनते थे." मग हसत. मी पहिली काही वर्षं भांडले. नंतर भांडले नाही, पण एकदाही मान्य केलं नाही.

नवरा यावर कधी बोलला नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मी धरून चालले होते की त्याला बाईचा आवाज ऐकू आला असेल आणि तो मलाच समजत असेल. उंचावर आवाज कोणाचा ते कळत नाही, असं मीच माझी समजूत घातली होती. त्याचं मन वळवावं म्हणून मी किती वेळा सांगितलं याला गणती नाही. रात्री, दुपारी, भाकरी वाढताना. तो जेवायचा आणि उठायचा.

भावाला आडत्यानं आपल्या जिनिंगच्या कारखान्यात लावून घेतलं. पुढं तिथंच तो मुकादम झाला. आमच्याकडे यायचा, माझ्या हातचं खायचा. मी वाढायचे. सासू होती तोवर त्याला तोंडावर काही म्हणता आलं नाही, कारण म्हटलं की सासू त्याचीच बाजू घ्यायची.

सासू गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका सकाळी भाऊ दारात आला. नवरा बाहेर बाजेवर होता, मी आत चुलीशी. भाऊ म्हणाला, "भाऊजी, बाई गेली."

नवरा म्हणाला, "कोनती बाई?"

"आडत्याची. आमच्या मालकाची बायको. काल दिवस मावळता."

पीठ हातात तसंच घेऊन मी बाहेर आले. म्हटलं, "आज बरे शब्द सापडले तुले. आडत्याची. मालकाची. त्या दिवशी काऊन नाई सापडले?"

तो म्हणाला, "बाई, जुनं काऊन उकरून राह्यली?"

"मंग तेव्हा खोटं काऊन बोलला?"

"मी खोटं कुठं बोललो?" तो सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होता. "मी म्हनलं, बाई बोलली. बाईच बोलली होती. तुह्यं नाव मी घेतलंच नाई."

इतक्या वर्षांत त्यानं ते असं नीट लावून ठेवलं होतं. मी नवऱ्याकडे वळले. म्हटलं, "ऐकलं? आता तरी ऐकलं ना तुमी? याच्या तोंडून ऐकलं?"

नवऱ्यानं आखूड पाय हातानं उचलून बाजेखाली सोडला. म्हणाला, "मले माहीत हाय."

"आता माहीत झालं."

"आता नाई. तवापासून. मी वर होतो. वरून सारं दिसते. पोरगी दिसली, वासरू दिसलं, थे दारात उभी होती ते दिसलं."

भाऊ चपला घालून निघून गेला. कसा गेला ते मी पाहिलं नाही.

मी नवऱ्याला विचारलं, "मंग बोलले काऊन नाई?"

तो म्हणाला, "तिचं नाव घेतलं असतं तं खामगावात आपल्याले झाड कोनी सांगितलं असतं? म्हनले असते, आपले हातपाय मोडून घेतात अन् घरवाल्यावर ढकलतात. तुह्यं नाव घरातल्या घरात राह्यलं." मग म्हणाला, "अन् तुह्या भावाची रोजी लागली."

त्यानं हे नीट विचार करून केलं होतं. रागात नाही, चुकून नाही. त्याच्या हिशेबात मी सगळ्यात स्वस्त होते. मी आत गेले. तवा जळत होता. भाकरी थापली, टाकली, भाजली आणि त्याला नेऊन वाढली. त्या दिवसापासून मी त्याला ते पुन्हा सांगितलं नाही. सांगायला काही उरलंच नव्हतं.

एवढं मात्र केलं. पुढच्या कामाला दीर दोर उचलायला आला तेव्हा मी आधी जाऊन बैलगाडीत बसले. दीर म्हणाला, "वहिनी, तुमी?" मी म्हटलं, "हाव. दोर मी धरीन. अन् दारात जाऊन मीच सांगीन." तिथून पुढं आमचं काम चाललं तोवर दोर मीच धरला. एकही फांदी चुकीची सुटली नाही.

त्या परसात त्या वेळी चार मोठी माणसं आणि एक पोर होतं. आडत्याची बाई आधी गेली. नंतर माझा भाऊ, तापानं. त्याच्या पाठोपाठ नवरा, म्हातारा होऊन, झोपेत. वासराची शेपटी धरणारी ती पोरगी आहे. तिला आता नातवंडं आहेत आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. आणि मी आहे.