तळ्याकाठचं जेवण

माझ्या अंगात धीर नावालाही नाही. लिफ्टचं बटण मी चारदा दाबतो, चहा धड उकळायच्या आत गाळतो. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी अर्बाबचा फोन लागेना, तेव्हा जरा वेळाने पुन्हा लावून बघावा असं मला सुचलंच नाही. गाडी काढली आणि सरळ त्याच्या गावाचा रस्ता धरला.

अर्बाब म्हणजे आमचा इथला, आखातातला अरब मालक. रुवीतल्या त्याच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि त्याच आठवड्यात मालाची मोजणी होती. आदल्या संध्याकाळी देवगडकडच्या आमच्या घरून भावाचा फोन आला होता. "आवस तुझी आठवण काढता. जमला तर बेगीन ये." माझा भाऊ कधी घाई करणारा नाही. त्याच्या तोंडून 'बेगीन' ऐकलं आणि मी समजलो, आईचं काही खरं नाही. मी शुक्रवार रात्रीच्या विमानाचं तिकीट काढून टाकलं. आता किल्ल्या अर्बाबच्या हातात द्यायच्या, रजा मागायची आणि परत फिरायचं, एवढंच काम उरलं होतं. आई आहे तोवर पोचायचं होतं.

"अहो, दोन घास खाऊन तरी निघा," बायको दारापर्यंत आली.

"वाटेत बघतो," म्हणालो आणि दार्सैतमधल्या आमच्या इमारतीचा जिना उतरलो. वाटेत अर्थातच काही बघितलं नाही. वादी अदाई मागे पडली, अमरात गेलं, उघडेबोडके डोंगर संपता संपेनात. पुढे बिदियापाशी वाळूच्या टेकड्या दिसायला लागल्या, आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलो तशी फोनची रेंज गेली. एरवी मला त्या टेकड्या आवडतात. त्या दिवशी चीड आली. माणसाने राहायला एवढ्या आत कशाला यायचं?

गाव म्हणजे खजुरीची दाट राई, तिच्यातून वाहणारा पाण्याचा पाट आणि मातीच्या रंगाची थोडी घरं. अर्बाब दारातच उभा होता. वाट बघत असल्यासारखा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

"क्या खबर?" त्याने विचारलं.

इथे एक रीत आहे. पाहुणा आला की त्याला बातमी विचारायची, आणि पाहुण्याने काही बातमी नाही, सगळं ठीक आहे असंच म्हणायचं. घर जळून आला असला तरी आधी हेच. खरं काय ते मग, पोटात काही गेल्यावर. इतकी वर्षं इथे काढल्यावर ते उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "कुछ नहीं अर्बाब, सब ठीक. अल्हम्दुलिल्ला." आणि लगेच जीभ चावली.

बैठकीत खजूर आले, कहवा आला. एक कप संपला की तो दुसरा ओतायचा. मी कप हलवून पुरे म्हणून खूण केली, तरी त्याने ओतलाच. मी किल्ल्यांचा जुडगा सतरंजीवर ठेवला. "अर्बाब, मेरे को छुट्टी..."

"बाद में, सदीक. चलो, पानी देखो." सदीक म्हणजे दोस्त; तो आम्हा सगळ्यांनाच तसं म्हणतो.

पावसाने यंदा गावामागे, वाळूच्या पायथ्याशी, तळं साचलं होतं. मला ते दाखवायला तो निघाला. मला परतायची घाई आणि हा गृहस्थ सावकाश चालत, बापाच्या वेळी पाणी कुठवर यायचं ते हाताने दाखवत होता. काठावर बकऱ्या पाणी पीत होत्या. पलीकडे वाळूची उभी भिंत आणि तिची सावली पाण्यात. सुंदरच होतं ते, नाही कशाला म्हणू? पण मी घड्याळ बघत होतो, आणि अर्बाब तळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मनात म्हटलं, रजा द्यायची नाही म्हणून वेळ काढतोय लेकाचा. मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या.

परत आलो तर जेवण मांडलेलं. जुम्म्याची नमाज व्हायच्या आत शुक्रवारचं जेवण मी या देशात कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या परातीत मटणाचा भात, वर तळलेला कांदा आणि मनुका. म्हटलं, बरं झालं, लवकर सुटू. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एकदा जेवायला बसल्यावर भूक अशी खवळली की बोलायचंही राहून गेलं. अर्बाब चांगले तुकडे निवडून माझ्या बाजूला सरकवत होता. मी पुन्हा भात ओढून घेतला. तो स्वतः जेमतेम चार घास जेवला.

हात धुतले. त्याने टॉवेल दिला, आणि माझा हात त्या टॉवेलसकट धरून ठेवला.

"सदीक, सुबह घर के फोन पे तुम्हारी बीवी का फोन आया था. अम्मा अल्ला के पास चली गई."

"कब?" मी विचारलं. "फोन कब आया?"

"तुम रास्ते में था."

म्हणजे खजूर, कहवा, बकऱ्या, बापाच्या वेळचं पाणी, सगळं हे ठाऊक असताना. मी त्याच्यावर ओरडलो. मालकावर, त्याच्याच घरात, आणि तेही मराठीत. त्याने ऐकून घेतलं.

"भूखे आदमी को ऐसी खबर नहीं देते," तो म्हणाला. "तुम्हारी बीवी भी यही बोली. पहले खाना खिलाना."

त्याने मला गाडी चालवू दिली नाही. जुम्म्याची बांग होत होती आणि गावातले पुरुष मशिदीकडे निघाले होते. हा माणूस माझ्या गाडीत बसून उलट्या दिशेने निघाला. हमरस्त्याला लागल्यावर रेंज आली. बायकोला फोन लावला.

"जेवलात ना?" तिने पहिलं हेच विचारलं. मला इतका राग आला की मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा माझ्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं. ओटीवर आईला ठेवलेलं, बाजूला बहिणी, काकी, शेजारची माणसं. अग्नी दिल्याशिवाय आमच्याकडे चूल पेटत नाही. म्हातारी काकी भिंतीला टेकली होती, तिचे ओठ सुकले होते. दोघी बहिणींच्या तोंडावर कालपासूनची उपासमार दिसत होती. त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

भाऊ पुढे आला. माझ्या हातातली बॅग घेतली आणि हळूच विचारलं, "काल सकाळपासना कायेक खाल्लस मां रे?"

"नाय," मी म्हटलं.

त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.