सिक मारलेली तबकडी

रेल्वेतून निवृत्त झाल्यावरही आप्पांच्या बोटांची सवय सुटली नव्हती. समोर येईल ती वस्तू ते ठोकून बघायचे. माठ, कलिंगड, माझ्या मावशीचं नवं कपाटसुद्धा. दौंडच्या यार्डात उभ्या गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चाक खणखणलं तर धड, भद्द वाजलं तर तडा. मग डब्यावर खडूने ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचं आणि तो गाडीतून बाजूला काढायचा.

मी खुटबावहून कॉलेजसाठी दौंडला मावशीकडे राहायला आले, तेव्हा शेजारच्या आप्पांच्या घरातून पियानो ऐकू यायचा. रेल्वे कॉलनी सोडून गेलेल्या एका ख्रिस्ती ड्रायव्हरने त्यांना रेकॉर्ड प्लेयर आणि एक तबकडी दिली होती. अमेरिकेतल्या कुणा काळ्या वादकाची, जुन्या जाझची. तिच्या पुठ्ठ्यावर खडूने पुसट ‘सिक’ लिहिलेलं होतं.

मी विचारल्यावर आप्पा ओशाळले. पहिल्यांदा ऐकताना मधलेच काही सूर त्यांना फुटके वाटले, म्हणून त्यांनी तबकडी कपाटावर टाकून दिली होती. “वरीसभर पडली तिथं. मंग परत लावली तवा कळलं, ह्यो गडी मुद्दाम जातोय त्या सुरावर. तडा न्हाई त्यो, वळण हाय.”

पुठ्ठ्यामागचा इंग्रजी मजकूर मी मोठ्या हौसेने वाचून दाखवू लागले, तर त्यांनी पुठ्ठाच हातातून काढून घेतला. “डावा हात ऐक आधी. त्यो रूळ. उजवा कुठं बी हुंदडंल.” त्या वाजवण्यात कॉलनीतल्या चर्चचं गाणं आणि जत्रेतला ठेका एकत्र नांदतात, असं त्यांचं मत होतं. पाचसहा वेळा ऐकल्यावर माझा पाय आपोआप ताल धरू लागला.

आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिलीच. पण शिक्रापूरच्या एका शाळेत शिक्षिकेच्या मुलाखतीत माझ्या तोंडून ‘न्हाई’ निघालं आणि समोरचे हसले. तेव्हापासून मी उत्तरं पाठ करून बोलू लागले. दुसरीकडेही जमलं नाही. आता शिरूरच्या शाळेत शेवटचा प्रयत्न. नाहीतर कंपनीत पॅकिंगला जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी शिकवायचा धडा आप्पांना म्हणून दाखवला.

“भद्द वाजतंय,” ते म्हणाले. “चाक धड हाय गं, पण तू हातोडी भिऊन मारतीस.”

शिरूरला सहावीचा तास घ्यायला लावला. विषय जवळच्या इनामगावला उत्खननात सापडलेली, तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. माझी पाठ केलेली वाक्यं ऐकून मुलं जांभया देऊ लागली. मी थांबले. मग विचारलं, “घोडनदीच्या काठाला तवाची माणसं काय खात असतील, हाय का ठाव कुणाला?” वर्ग हसला. मग एकजण म्हणाला मासे, दुसरी म्हणाली भाकरी, आणि त्यांच्यात भांडणच लागलं. मागे बसलेल्या मुख्याध्यापिका बाई लिहायचं थांबून ऐकू लागल्या.

नोकरी मिळाल्याचं सांगायला गेले, तेव्हा तबकडी लावू का म्हणून मी विचारलं. आप्पा म्हणाले, ती राहू दे, तो तास घे. मी उभी राहिले, ते मांडी घालून समोर बसले. मासे आणि भाकरीपर्यंत आल्यावर मी सांगितलं, इथं घंटा झाली.

“घंटा पोरास्नी झाली,” आप्पा म्हणाले. “मला फुडचं सांग.”